टेम्पो, मॅटाडोर आणि चार बोटांचा क्रॉस

झेरॉक्स, डालडा आणि टेम्पो. तिन्ही मुळात कंपन्यांची किंवा त्यांच्या मालाची नावं, आणि तिन्ही आपण इतकी वापरली की ती कुणाच्याच मालकीची राहिली नाहीत. "घर शिफ्ट करायचंय, एक टेम्पो बघ रे" असं म्हटलं की दारात टाटाची गाडी येते, महिंद्राची येते, अशोक लेलँडचीही येते. खरा टेम्पो येत नाही, आणि तो आला नाही म्हणून कुणी तक्रारही करत नाही :)

खरा टेम्पो होता जर्मनीतला. हँबुर्गच्या हारबुर्ग भागात व्हिडाल अँड झोन नावाची कंपनी छोट्या मालवाहू गाड्या बनवायची, त्यांचा हा ब्रँड. तो महाराष्ट्रात कसा आला, इथे काय होऊन बसला, आणि त्याच्या पोटाखालच्या एका लहानशा सांध्याने आपल्याकडच्या व्हॅन चालवणाऱ्यांच्या आयुष्यात काय काय उलथापालथ केली, हा आजचा विषय. विषय थोडा ग्रीसने माखलेला आहे, हात धुवायची तयारी ठेवा.

हा विषय डोक्यात यायचं कारण बेलवली. बदलापुरात सकाळी साडेसहाच्या सुमाराला रस्त्यावर उभं राहिलं की दोन प्रकारचे लोक दिसतात. एक लोकल पकडायला धावणारे, आणि दुसरी त्यांची पोरं, व्हॅनची वाट बघत असलेली. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या एक लाखाच्या जरा आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली आणि तेव्हापासून टॉवर थांबलेलेच नाहीत. आईबाबा दोघंही मुंबई-ठाण्याला कामावर, मग पोरांना शाळेत सोडणार कोण? व्हॅनवाले काका. त्या व्हॅनमध्ये अजूनही जुन्या मारुती ओम्नी दिसतात. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, म्हणजे आज रस्त्यावर असलेली सगळ्यात तरुण ओम्नीसुद्धा वयात आलेली आहे. बाकीच्यांचं वय विचारू नये.

या व्हॅन जवळून जाताना नुसतं ऐकायचं. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की पोटाखालून "टण्ण" असा आवाज येतो. रिव्हर्समधून पहिल्यात घेतली की पुन्हा "टण्ण". काहींच्या बाबतीत वेग पकडला की जमिनीतून एक बारीक थरथर. गॅरेजमध्ये याचं निदान दोन शब्दांत होतं: "क्रॉस गेला."

आता हा क्रॉस म्हणजे काय, हे कळायला आधी थोडं मागे जाऊ. बरंच मागे.

प्रश्न साधा आहे. इंजिन एका रेषेत फिरतंय आणि चाक दुसऱ्या रेषेत. मधल्या रस्त्यात खड्डा आला की चाक वर-खाली होणार, म्हणजे दोन रेषांमधला कोनसुद्धा सतत बदलणार. तरीही एकाचं फिरणं दुसऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे. उपाय असा की दोन्ही दांड्यांच्या टोकांना इंग्रजी 'यू'च्या आकाराचे चिमटे करायचे आणि मध्ये अधिकच्या चिन्हासारखा चार बोटांचा तुकडा बसवायचा. एका चिमट्याने दोन बोटं धरायची, दुसऱ्याने उरलेली दोन. झाला सांधा. सोळाव्या शतकातल्या इटालियन गणिती जेरोलामो कार्डानोच्या नावावरून युरोपात अजूनही याला कार्डन म्हणतात. रॉबर्ट हूक, हो तोच, शाळेत स्प्रिंगचा नियम शिकवून गेलेला, त्याने १६७६ मध्ये सूर्याचं निरीक्षण करायच्या उपकरणांबद्दल लिहिताना या सांध्याचं वर्णन केलं आणि 'युनिव्हर्सल जॉइंट' हे नाव वापरलं. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला 'यूजे क्रॉस' म्हणतात. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये ठेवलेलं नाव आज बदलापूरच्या गॅरेजमध्ये आद्याक्षरांच्या रूपाने जिवंत आहे. भारी वाटतं की नाही?

पण या सांध्यात एक खोट आहे. मेकॅनिकलच्या मित्रांना थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरातलं ते गणित आठवत असेल. एक दांडा अगदी एकसारख्या वेगाने फिरवला तरी कोनात बसवलेला दुसरा दांडा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन ५ अंशांचा असेल तर फरक जाणवतही नाही, शंभराचे ९९.६ ते १००.४ होतात. पण कोन ३० अंशांचा झाला की तेच शंभर एकदा ८६.६ होतात आणि एकदा ११५.५. गाडीचं चाक असं झटके देत फिरायला लागलं तर काय होईल, याची कल्पना करा.

मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत यावर सोपी युक्ती आहे. एकाऐवजी दोन क्रॉस लावायचे, प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांना. दोन्ही कोन सारखे ठेवले आणि शाफ्टवरचे दोन्ही चिमटे एकाच रेषेत बसवले की पहिल्याने केलेली चूक दुसरा उलटी करून फेडतो. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर दोन बग एकमेकांना कॅन्सल करतात. मात्र हे चिमटे एका रेषेतून हलले तर दोन बग एकत्र होतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

खरी पंचाईत होते पुढच्या चाकांची. पुढचं चाक नुसतं वर-खाली होत नाही, ते वळतंही. यू-टर्न मारताना ३० अंश सहज होतात, आणि दोन क्रॉसच्या युक्तीला लागणारे सारखे कोन तिथे मिळत नाहीत. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढची चाकं ओढणारी गाडी हा इंजिनिअर लोकांचा डोकेदुखीचा विषय होता. १९२० च्या दशकात उत्तरं मिळायला लागली. फ्रान्समध्ये ग्रेगवार आणि फनाय या जोडीने 'ट्रॅक्टा' सांधा काढला. अमेरिकेत फोर्डचा इंजिनिअर आल्फ्रेड झेपा याने क्रॉस काढूनच टाकला आणि त्याच्या जागी सहा पोलादी गोळ्या बसवल्या. बाहेर एक वाटी, आत एक कंगोऱ्यांचा गोळा, मध्ये एक पिंजरा, आणि खाचांमधून सरकणाऱ्या सहा गोळ्या. कोन कितीही बदलला तरी गोळ्या बरोब्बर मधल्या प्रतलात राहतात. आरशातल्या प्रतिमेसारखं बघा, दोन्ही बाजूंना सगळं सारखं. म्हणून दोन्ही दांडे एकाच वेगाने फिरतात. आज आपण ज्याला सीव्ही जॉइंट किंवा नुसतं 'एक्सल जॉइंट' म्हणतो तो बहुतेक वेळा हाच.

आपल्या मुंबईत हे सांधे आले ते जीपच्या पोटातून. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपच्या पुढच्या एक्सलमध्ये बेंडिक्स, झेपा, ट्रॅक्टा असे वेगवेगळे सांधे बसवलेले असत, ज्या कारखान्याकडून मिळेल तो. १९४७ मध्ये महिंद्रांनी माझगावला सुट्या भागांतून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. जीपमध्ये हा सांधा पोलादी गोलकाच्या आत ग्रीसमध्ये बुडालेला असायचा आणि पुढची चाकं चिखलातच जोडली जायची. बाकी वेळ सांध्याला आराम.

रोज, दिवसभर, पोटापाण्यासाठी पुढची चाकं ओढणारी गाडी आली ती टेम्पोची. १९५८ मध्ये नवलमल कुंदनमल फिरोदियांनी जर्मन टेम्पोच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी काढली. फिरोदिया मूळचे नगरचे, वकील, स्वातंत्र्य चळवळीतले. त्यांची पहिली गाडी होती तीनचाकी हॅन्सिआट. या गाडीने सांध्याचा प्रश्न कसा सोडवला माहितीये? सांधाच ठेवला नाही! इंजिन थेट पुढच्या एकुलत्या एका चाकावर बसवलं आणि साखळीने चाक फिरवलं. हँडल वळवलं की चाकाबरोबर इंजिनही वळायचं. अडाणी वाटेल, पण ज्याचा जॉइंटच नाही त्याचा जॉइंट जाणार कसा?

मग १९६९ मध्ये आली मॅटाडोर. खेड्यापाड्यांत मेटाडोर, मेटॅडोर, ज्याला जसं जमेल तसं. हे मॉडेलही जर्मन टेम्पोचंच. तिकडे १९४९ च्या पहिल्या मॅटाडोरला फोक्सवॅगन बीटलचं इंजिन होतं. १९५२ मध्ये फोक्सवॅगनने इंजिनं द्यायचं थांबवलं आणि टेम्पोला दुसरी शोधावी लागली. आपल्याकडे आली ती १९६० च्या दशकातली नवी पिढी. गंमत म्हणजे तोवर तिकडे टेम्पो कंपनी हानोमागच्या पोटात गेली होती, आणि लवकरच हानोमागचा हा धंदा डाइम्लर-बेंझच्या पोटात गेला. म्हणजे तीच व्हॅन जर्मनीत टेम्पो, हानोमाग आणि मर्सिडीज अशा तीन नावांनी विकली गेली. इकडे आकुर्डीत मात्र ती शेवटपर्यंत मॅटाडोरच राहिली. १९८० च्या दशकात तिला मर्सिडीजच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनाचा परवाना मिळाला, तेव्हा आपल्या वऱ्हाडाच्या गाडीत मर्सिडीज धडधडत होती हे वऱ्हाडाला ठाऊकही नसेल.

मॅटाडोर फ्रंट व्हील ड्राइव्ह होती. इंजिन ड्रायव्हरशेजारी, ताकद पुढच्या चाकांना, मागे नुसती मोकळी चाकं. फायदा उघड आहे. पोटाखालून मागे प्रॉपेलर शाफ्ट जात नाही, त्यामुळे फरशी खूप खाली ठेवता येते. पोती चढवायला सोपी, म्हातारीला चढायला सोपी, अँब्युलन्स करायची तर स्ट्रेचर सरकवायला सोपी. भाजी, दूध, वऱ्हाड, भजनी मंडळ, सगळं तिच्यात मावलं ते या खालच्या फरशीमुळे. शहरी मध्यमवर्गाला फ्रंट व्हील ड्राइव्ह हा शब्द मारुती ८०० मुळे कळला, आणि ती आली डिसेंबर १९८३ मध्ये. म्हणजे चौदा वर्षं आधीपासून महाराष्ट्रातले मेकॅनिक पुढच्या चाकांचे सांधे झाडाखाली उघडत होते.

पण फुकट काही मिळत नाही. पुढच्या दोन आखूड शाफ्टांवर ताकद ओढणं, वळणं आणि खड्ड्यात आपटणं, ही तिन्ही कामं एकदम आली. त्यात मागे ठासून माल भरून घाट चढायला घेतला की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर जागच्या जागी फिरतात. अशी घसरणारी चाकं अचानक कोरड्या डांबरावर पकड घेतात तेव्हा सगळा झटका कुणी खायचा? सांध्याने.

आता इतिहासातला मजेशीर उलटा प्रवास बघा. १९८४ मध्ये मारुतीने व्हॅन काढली, जिला पुढे ओम्नी हे नाव मिळालं. ८०० चंच ७९६ सीसीचं इंजिन, पण ताकद मागच्या चाकांना! इंजिन पुढच्या सीटखाली आडवं पडलेलं, तिथून प्रॉपेलर शाफ्ट मागे आणि मागे पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर बसलेला सरळ एक्सल. १९८७ मध्ये बजाज टेम्पोने ट्रॅव्हलर आणली, मर्सिडीजच्या व्हॅनवरून बेतलेली, तीही मागची चाकं ढकलणारी. म्हणजे जगभरच्या छोट्या गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्हकडे चालल्या होत्या, तेव्हा आपल्या व्हॅन मागे वळल्या. भार मागे असेल तर ताकदही मागे असलेली बरी, हा साधा हिशेब. बजाज टेम्पो २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली आणि कंपनीच्या नावातून टेम्पो गेला. तोवर तो शब्द मराठीने ठेवून घेतला होता.

ओम्नीने महाग आणि नाजूक सांधा टाळला आणि हूकच्या जुन्या क्रॉसकडे परत गेली. त्यामुळेच ती इतकी वर्षं टिकली, असं माझं मत. क्रॉस हाताच्या पंज्यात मावतो, महाग नसतो, आणि बदलायला मशीनशॉप लागत नाही.

तर मग हा क्रॉस जातो कसा? त्याच्या चार बोटांवर चार टोप्या असतात आणि प्रत्येक टोपीत सुईसारखे बारीक रोलर, ज्यांना सरळ 'नीडल' म्हणतात. हे नीडल पूर्ण फिरत नाहीत, कोनाएवढेच पुढे-मागे हलतात. ग्रीस संपलं किंवा पाणी शिरलं की ते जागच्या जागी घासून बोटांवर खाचा पाडतात. टोपीच्या कडेला लालसर गंजाची भुकटी दिसली की समजायचं आत ग्रीस उरलेलं नाही. तपासणी कुणालाही जमते. चाकांना दगड लावायचे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि खाली वाकून शाफ्ट एका हाताने आणि त्याच्या पुढचा चिमटा दुसऱ्या हाताने उलटसुलट फिरवून बघायचा. जरासा जरी खेळ जाणवला तरी क्रॉसचा नंबर लागला. जॅकवर गाडी असेल तर खाली घोडा लावल्याशिवाय आत शिरायचं नाही, हे सांगायला नकोच, तरी सांगतो.

बदलायचं काम बघण्यासारखं असतं. चांगला मेकॅनिक सगळ्यात आधी पान्याला हात लावत नाही, खडू किंवा रंग घेतो. शाफ्ट आणि मागची फ्लँज यांवर एक रेघ, पुढच्या सरकत्या टोकावर दुसरी. का, ते वर सांगितलंय. जोडताना फ्लँज फिरली तर शाफ्टचा बॅलन्स जातो, आणि जिथे शाफ्ट दोन भागांत सुटा होतो तिथे चिमटेच एका रेषेतून हलतात, दोन बग एकत्र होतात. मग गिऱ्हाईक आठवड्याभरात "नवीन क्रॉस टाकूनही गाडी थरथरते" म्हणून परत. रेघ मारल्यावर मागचे चार बोल्ट काढायचे, शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढून घ्यायचा, तिथून ऑइल गळतं म्हणून खाली डबा. मग टोप्यांवरचे चार लॉक काढायचे आणि टोप्या व्हाइसमध्ये दाबून बाहेर घ्यायच्या. एका बाजूला लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला मोठा, आणि सावकाश आवळायचं. घाईचा मेकॅनिक इथे हातोडा घेतो. हातोड्याने टोपी निघते हो, पण चिमट्याचा कान केसाएवढा वाकला तर नवीन क्रॉस पहिल्या दिवसापासून आवळून बसतो आणि लवकर मरतो. बसवताना नीडल ग्रीसने टोपीला चिकटवून ठेवायचे. एक जरी आडवा पडला तर टोपी पूर्ण आत जात नाही आणि लॉक बसत नाही. शेवटी सांधा हाताने चारी बाजूंना हलवून बघायचा. अडखळला तर पुन्हा उघडायचा.

पुढच्या चाकांच्या गाडीत काम वेगळं. तिथे दुखण्याचं नाव क्रॉस नाही, 'बूट'. गोळ्यांच्या सांध्यावर रबराची नळकांड्यासारखी, घड्याघड्यांची टोपी असते आणि आत मोलिब्डेनमचं काळं ग्रीस. ती फाटली की चाक फिरताना ग्रीस बाहेर उडतं, रिमच्या आतल्या बाजूला काळा पट्टा दिसतो, आणि तेवढ्याच भोकातून माती आत जाते. माती आणि ग्रीस म्हणजे घासायची पेस्टच. काही दिवसांनी पूर्ण वळण घेताना "कट कट कट" सुरू होतं, तेव्हा बाहेरचा जॉइंट गेलेला असतो. आवाज यायच्या आधी पकडलं तर नुसता बूट, ग्रीस आणि दोन पट्ट्या, आवाज आल्यावर पकडलं तर अख्खा जॉइंट. काम करताना हबचा नट चाकं जमिनीवर असतानाच ढिला करायचा, आणि जोडताना नवाच नट वापरून ठरलेल्या ताकदीने आवळायचा. अंदाजपंचे आवळला तर पुढे चाकाचं बेअरिंग जातं.

सामान कुठून आणायचं, हीसुद्धा एक कला. मुंबईत ऑपेरा हाऊस, जुन्या मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. या बाजारांमुळे बंद पडलेल्या मॉडेलच्या गाड्या वर्षानुवर्षं धावल्या. पण क्रॉस घेताना स्वस्तात जाऊ नये. चांगल्या क्रॉसचं पोलाद बाहेरून कडक आणि आतून चिवट केलेलं असतं. नुसतं दिसायला तसं असलेलं पोलाद बाहेरून मऊ राहतं, आणि नीडल त्यावर पहिल्याच पावसाळ्यात चर पाडतात.

पावसाळा म्हटलं की पुन्हा बेलवली. इथला रेल्वेखालचा भुयारी मार्ग जोराच्या पावसात तुंबतो हे बदलापूरकरांना नवीन नाही. उल्हास नदी तर त्याहून मोठी गोष्ट. २६ जुलै २००५ ला तिने काय केलं ते इथे अजून सांगितलं जातं, आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, तेव्हा हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा पाण्यातून गेलेल्या व्हॅनचं इंजिन चालू झालं की मालक सुटकेचा निःश्वास टाकतो. पण धावून गरम झालेला मागचा एक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावते आणि हवेसाठी ठेवलेल्या भोकातून पाणी आत ओढलं जातं. ऑइलचा दुधाळ चहा होतो. क्रॉसच्या टोप्यांत शिरलेलं पाणीही तिथेच बसतं. गाडी त्या दिवशी चालते, गणपतीतही चालते, आणि दिवाळीच्या आसपास "टण्ण" करायला लागते. तोपर्यंत पुराशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

आता मला जे म्हणायचंय त्यावर येतो. जुन्या क्रॉसला मध्ये एक छोटं निपल असायचं. दर काही हजार किलोमीटरला ग्रीस गनने त्यात ग्रीस भरावं लागे, चारी टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. हायवेवर 'वॉशिंग-ग्रीसिंग' अशा पाट्या दिसायच्या त्या याच कामाच्या. कटकटीचं काम होतं. पण त्या निमित्ताने दर महिना-दोन महिन्यांनी एक जाणता माणूस गाडीखाली जायचा. ग्रीस भरता भरता त्याला फाटलेला बूट दिसायचा, ढिला बोल्ट दिसायचा, गळणारा ब्रेकचा पाइप दिसायचा. मग सीलबंद क्रॉस आले, सीलबंद जॉइंट आले. 'मेंटेनन्स-फ्री'. इंजिनिअरिंग म्हणून ही प्रगतीच, वाद नाही. पण निपलबरोबर खाली वाकायची सवयही गेली. सांधा सुधारला आणि त्याच्याकडे बघणारा माणूस कमी झाला.

नव्या गाडीत हे खपून जातं. वीस वर्षांच्या व्हॅनमध्ये खपत नाही. प्रॉपेलर शाफ्टचा पुढचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यावर पडतं आणि गाडीचं वजन त्यावर येऊ शकतं. जड गाड्यांत शाफ्टखाली लोखंडी कडं लावतात ते याचसाठी. आणि इथे त्या शाफ्टच्या वर बसलेले असतात दुसरी-तिसरीतले दहा-बारा जण, दप्तरं मांडीवर घेऊन.

नियम नाहीत असं नाही. महाराष्ट्रात स्कूलबससाठी २०११ चे वेगळे नियम आहेत. व्यवसायाच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. पण फिटनेस म्हणजे वर्षातला एक दिवस. उरलेल्या ३६४ दिवसांत एक अख्खा पावसाळा असतो. आणि व्हॅनवाल्या काकांचं गणितही समजून घ्यायला हवं. गाडी एक दिवस गॅरेजमध्ये ठेवली तर दहा घरांतले आईबाबा लोकल सोडून शाळेत पळणार आणि संध्याकाळी काकांना फोन करणार. त्यामुळे "सुट्टीत बघू" होतं, मे महिना लांब असतो आणि "टण्ण" रोजचं होऊन जातं. आम्ही आयटीवाले सर्व्हरला शनिवारी रात्री दोन तास बंद ठेवायची परवानगी मागून घेतो, त्याला रुबाबात 'मेंटेनन्स विंडो' म्हणतो. व्हॅनला मात्र कुणी विंडो देत नाही.

बदलापूरचं नाव कसं पडलं याची एक गोष्ट इथे सांगतात. जुन्या काळी या वाटेवर घोडे बदलत, म्हणून बदलापूर. खरं-खोटं इतिहासकार जाणोत, पण त्यात एक शहाणपण आहे. घोडा कोसळेपर्यंत पळवायचा नाही, दमायच्या आधी बदलायचा, आणि त्यासाठी वाटेत थांबायची जागा ठरवून ठेवायची. थांबण्याचा तो वेळ प्रवासातच धरलेला असे.

तेवढंच व्हॅनच्या बाबतीत करता येईल. सोसायटीतले आठ-दहा पालक मिळून काकांना सांगू शकतात की दर तीन महिन्यांनी एक शनिवार गाडी गॅरेजमध्ये, त्या दिवशी पोरं आम्ही सोडू आणि पैसे कापणार नाही. पावसाळा संपला की एक जास्तीचा शनिवार, एक्सलचं ऑइल आणि क्रॉस बघायला. खर्च वाटून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला एका पिझ्झापेक्षा कमी येईल. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही आणि लिहायची गरजही नाही.

बाकी सोमवारी सकाळी गेटवर उभे असाल तर मोबाइल जरा खिशात ठेवा आणि व्हॅन निघताना कान द्या. "टण्ण" आलं तर काकांशी बोला, भांडायला नको, नुसतं बोला. क्रॉस गेलाय हे त्यांना बहुतेक माहीतच असतं. त्यांना एक शनिवार हवा असतो.